उत्तरेच्या उतारावरचं गवत

गुद्रुन लग्न होऊन या शेतावर आली, तेव्हा तिच्या आत्यानं नाक मुरडलं होतं. पोरीला सावलीत दिलीत, म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. मागं डोंगर, आणि शेत उत्तरेकडं उतरत थेट खाडीपर्यंत गेलेलं. हिवाळ्यात सूर्य सगळ्यांच्या आधी इथून जाई आणि सगळ्यांच्या मागून परत येई. पण उन्हाळ्यात तो मावळेनासा झाला, की मध्यरात्रीचं ऊन नेमकं याच उतारावर पडे.

त्या जुलैत तिचा नवरा एडवीन होडीघराच्या छपरावरून पडला. मांडीचं हाड मोडलं, आणि त्याला ट्रोम्सो शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. गवत कापून तारांवर वाळत घातलेलं होतं, पावसाच्या उघडिपीत नुकतं कुठं वाळलं होतं. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, उद्या दुपारपर्यंत वादळ.

गुद्रुननं मेंढ्यांचं आटोपलं, गाडीला घोडी जुंपली आणि एकटीच कामाला लागली. तारेवरून गवत उतरवायचं, गाडीत भरायचं, गोठ्याच्या माळ्यावर चढवायचं, की पुन्हा खाली. मध्यरात्र झाली तरी निम्म्या तारा भरलेल्याच होत्या. ऊन अंगावर होतं, पण हात उचलेनात. ती बांधावर टेकली आणि वैरण कमी पडली तर कुठल्या मेंढ्या कापायच्या, ते मनात ठरवू लागली.

तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला. पलीकडच्या काठावरचा हिल्मार होडी ओढून वर घेत होता, त्याच्या मागं त्याची बायको आस्लाउग, खांद्यावर दाताळं टाकून.

गुद्रुनला उठवेना. दोन वर्षांपूर्वी हिल्मारचा कुत्रा मेंढ्यांच्या मागं लागला होता, आणि एडवीननं एक शब्द न विचारता त्याला गोळी घातली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा माणसं एकमेकांकडं पाठ करून बसत.

हिल्मार वर आला, तारांकडं पाहत म्हणाला, "आमचा काठ सावलीत, तुमच्यावर लख्ख ऊन. खिडकीतून सगळं दिसतं. झोप येईना."

"झोप येईना म्हणे," आस्लाउग म्हणाली. "तीनदा पडदा ओढला आणि तीनदा उघडला. शेवटी मीच म्हटलं, बूट घाल बाबा."

गुद्रुन आता उठली. "हिल्मार, त्या कुत्र्याचं…"

"आधी गवत," तो म्हणाला, आणि पहिली तार मोकळी करू लागला.

मग तिघंही कामाला लागले. हिल्मार भरत होता, आस्लाउग माळ्यावर उभी राहून रचत होती, गुद्रुन घोडी हाकत होती. सूर्य समुद्रावरून सरकत सरकत पूर्वेकडं वळला. शेवटची गाडी आत गेली, तेव्हा नैऋत्येला आभाळ काळं व्हायला लागलं होतं. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तिघांनी कॉफी घेतली. गुद्रुननं लोणी-साखर लावून बटाट्याच्या पोळ्या पुढं केल्या. हिल्मारनं चार खाल्ल्या. निघताना तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही. त्यानंही सोडवून घेतला नाही.

वादळ आलं तेव्हा ती अंथरुणावर पडून पत्र्यावरचा पाऊस ऐकत होती. अंगाचा कण अन् कण दुखत होता, तरी इतक्या सुखानं ती कित्येक वर्षांत आडवी झाली नव्हती.

त्या हिवाळ्यात वैरणीवाचून एकही मेंढी कापावी लागली नाही.

एडवीन सप्टेंबरात कुबड्या घेऊन घरी आला, त्याच दिवशी तिनं त्याला सगळं सांगितलं. तो कुबड्यांवर खिडकीशी गेला, पलीकडच्या काठाकडं पाहू लागला. मग म्हणाला, "होडी काढशील का? मला पलीकडं सोड. आणि माझ्यासोबत वर येऊ नकोस, मला एकट्यालाच जायला हवं."


गुद्रुननं वल्ही घेतली.