पाडव्याच्या गर्दीत गप्प बसलेला सुभेदार

मित्रांनो, हवं तर जरा लांब उभे राहा, पण माझी गोष्ट ऐकाच! मी सुभेदार, जातीनं बुलमॅस्टिफ. आज मी इतका खुशीत आहे की शेपूट आवरत नाही.

आमच्या जातीचा स्वभाव मुळात शांत. उगाच भुंकायचं नाही, चावायचं तर मुळीच नाही. अनोळखी कुणी आलं की आपल्या माणसांच्या पुढं भिंतीसारखं उभं राहायचं. पण आमच्या शिरोळच्या बाळासोंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. गोठ्याच्या राखणीला त्यांनी मला पिल्लू असतानाच आणलं आणि खुंट्याला बांधलं.

"कुणी हात लावायचा न्हाय. लाडानं कुत्रं बिघडतंय," अशी साऱ्या घराला ताकीद होती. मी माणसं पाहायचो ती लांबूनच, आणि लांबून मला प्रत्येक जण चोर वाटायचा.

एका सकाळी खुंटा उपटला आणि मी दूध न्यायला आलेल्या शेजारच्या लालबींवर धावून गेलो. चावलो नाही, पण त्या घाबरून पडल्या, किटली सांडली. बाळासोंचा पारा चढला. कबनूरच्या एका गोदामवाल्याला मला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. तिथं जन्मभर साखळीच!

त्यांच्या थोरल्या सूनबाई, संयोगितावहिनी, मात्र हटून बसल्या. "मामा, चूक त्येची न्हाय. मला शिकवू द्या की."

"दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायच्या टायमाला गप बसला तर ऱ्हाईल," बाळासो म्हणाले. "न्हाय तर कबनूर."

मग माझी शाळा सुरू झाली! दूध न्यायला येणाऱ्या प्रत्येकासमोर आधी बसायचं, मग भाकरीचा तुकडा. मार नाही, आरडाओरडा नाही. आणि एक दिवस लालबींनी स्वतःहून हात पुढं केला.

"घे वास. मी काय तुला खाणार हाय व्हय?"

हाताला वेलदोड्याचा वास होता. त्या दिवसापासून लालबी माझ्या झाल्या.

आणि पाडवा उजाडला! वहिनींनी मला रस्त्याच्या कडेला बसवलं, शेजारी लालबी उभ्या राहिल्या. शिंगं रंगवलेल्या, माळा घातलेल्या म्हशी रस्त्यावर आल्या. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली पुढं, त्यांच्यामागं उधळत म्हशी, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बाळासो गाडी दामटत आले, मागं आमची मोना म्हैस. जमीन हादरत होती. कान फुटायची वेळ आली, पाय आपोआप उठू लागले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "थांब."

मी थांबलो! मित्रांनो, काहीच न करण्याइतकं अवघड काम मी कधी केलं नव्हतं. लालबींचा हात माझ्या पाठीवर होता.

बाळासोंनी गाडी थांबवून माझ्याकडं पाहिलं. मग तिथंच कबनूरला फोन लावला. "कुत्रं द्याचं न्हाय, पावणं. घरातलंच हाय ते."

म्हणून सांगतो, मोठं कुत्रं घरी आणाल तर त्याला एकटं बांधून ठेवू नका. लहानपणापासून माणसांत फिरवा, गोंगाट ऐकवा, प्रेमानं शिकवा. आम्ही आमच्या माणसांवर जीव टाकतो. पण माणसंच ओळखीची करून दिली नाहीत, तर आम्ही राखायचं कुणाला?