शिशाला चिकटलेली साल

पाण्यात बुडी मारायला वेंदुलाला ओत्मारनं शिकवलं, आणि आता ती पायही न भिजवता डोहाचा तळ सांगत होती. ओत्मारच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

बेच्वा नदीकाठच्या त्या डोहाची खोली दोनशे सत्तर मीटर, असं पाणबुड्यांच्या क्लबच्या पाटीवर एकोणतीस वर्षं त्याच्या नावासकट लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याची तेवढीच इस्टेट. वेंदुलानं काठावर खिळे ठोकले, जमिनीत वीज सोडली. खडकातून ती कशी जाते, पाण्यातून कशी, ते मोजलं आणि आकडा काढला: हजार.

"हजार! तुझे खिळे पोहून आले वाटतं खाली?" क्लबात सगळ्यांदेखत ओत्मार म्हणाला. बिअर पिणारे खो खो हसले. त्याला बरं वाटलं.

वेंदुला चिडली नाही, हेच त्याला जास्त झोंबलं. "काका, पावसाच्या पाण्यानं वरून कोरलेली गुहा असती, तर मीही हसले असते. पण ही खालून खाल्लीय. जमिनीच्या पोटातलं कोमट, सोड्यासारखं पाणी वर चढताना चुनखडक विरघळवतं. ते नेमकं दोनशे सत्तरपासूनच कशाला सुरू होईल? उद्या कॅमेरा सोडायची परवानगी मागतेय. एकच सांगा, तुम्ही दोराला बांधून सोडलेल्या शिशाच्या वजनाला काय चिकटून आलं होतं?"

शिशाच्या बुडाला चरबी फासायची, म्हणजे तळाचा कण चिकटून येतो, ही रीत तिला त्यानंच शिकवलेली. एकोणतीस वर्षांपूर्वी त्या चरबीला आली होती झाडाची साल. वरून पडलेलं खोड मध्येच अडकलेलं, शिसं त्यावर टेकलेलं. ओत्मारनं साल अंगठ्यानं पुसली होती आणि दोर मोजला होता.

"खडी," तो म्हणाला. "चुनखडकाची."

"नक्की?"

"मी काय खोटं बोलतोय?"

"तसं नाही हो, काका." तिनं वही उघडली, हजारावर काट मारली आणि खाली दोनशे सत्तर लिहिलं. "मग माझंच गणित कुठंतरी चुकलं. यंत्रं चुकतात, तुमचा हात नाही चुकत." सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली ती. मग परवानगीचा अर्ज फाडून टाकला.

ओत्मार जिंकला. कुणीतरी त्याच्यापुढं बिअर ठेवली, कुणी पाठ थोपटली. वेंदुलाचा ज्या ओत्मारवर विश्वास होता, त्या माणसाचा त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.