स्त्रातिसच्या गाडीची चेन

चेनच्या खालच्या पदरावर, मागच्या दातचक्रापासून सहाव्या कडीला, तेलाचा एक थेंब लोंबत होता. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं वीस सेकंदांनी तो सुटला आणि फरशीवर पडला. फरशीवर आधीचे डाग होते, एकावर एक, मधले गडद, कडेचे फिकट. हा थेंब मात्र स्वच्छ होता. पिवळट हिरवा, वर धुळीचा कणही नाही.

ती गाडी तीन वर्षं कोणी चालवलेली नव्हती.

स्त्रातिस माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका दुपारी त्याने खाडीच्या वळणावर गाडी स्टँडला लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि पोहायला उतरला. गाडी सापडली, हेल्मेट सापडलं, खडकावर घडी करून ठेवलेला शर्ट सापडला. तो सापडला नाही. नऊ दिवस होड्या फिरत होत्या. मग गाडी घरी आणून ऑलिव्हच्या गोण्या ठेवायच्या खोलीत उभी केली. आईने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. "कोणी हात लावायचा नाही," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मीटरवरचा आकडा मी वहीत लिहून ठेवला होता. का, ते मलाही सांगता येणार नाही. २१,४०७. आजही तोच होता.

मला ती गाडी हवी होती. आमच्या ग्रीक बेटाच्या पश्चिम टोकाला, सिग्रीच्या शाळेत, रसायनशास्त्र शिकवायची जागा मला तिसऱ्यांदा देऊ केली होती. आधी दोनदा मी नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा आईला पत्राबद्दल काही सांगितलं नाही. घर ते सिग्री नव्वद किलोमीटर, सगळा घाटरस्ता, बसचा काही भरवसा नाही. गेले तर आई त्या कुलूपबंद खोलीबरोबर एकटी राहणार होती. नाही गेले तर आम्ही दोघी राहणार होतो. मी छत्तीस वर्षांची आहे. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

गाडी चालवायला मला चौकातल्या गॅरेजवाल्या प्रोकोपिसकाकांनी शिकवलं, त्यांच्या स्वतःच्या गाडीवर, तेलाच्या घाण्यामागच्या मोकळ्या जागेत. परवानाही मिळाला. पण आमच्या खोलीत पाऊल टाकायला ते तयार नव्हते. "तुझ्या आईने मला तोंडावर सांगितलंय, हात तोडीन म्हणून. आणि एव्हान्थिया बोलते ते करते." त्यामुळे आठवडाभर, आई दुपारी झोपली की मी एकेक भाग काढायचे आणि पिशवीत घालून त्यांच्याकडे न्यायचे.

"आज काय आणलंस मास्तरीणबाई? काल प्लग, आज कार्बोरेटर. उद्या पर्समधून चाक काढशील."

"चाक मावत नाही. मोजून बघितलं."

"बघितलंच असशील," ते म्हणाले.

आधी त्यांनी कालचा प्लग उजेडात धरला. नव्या माणसाने पहिल्यांदा हेच शिकायचं, असं त्यांचं म्हणणं. प्लगचं टोक काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय. हे टोक फिकट तपकिरी होतं.

"दुधाच्या कॉफीचा रंग," ते हळूच म्हणाले. "इंजिन झकास चालत होतं गं. शेवटपर्यंत."

त्यांनी तो माझ्या हातात परत ठेवला. मी प्लग पुसला नाही, तसाच रुमालात गुंडाळला.

टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखा वास मारत होतं, ते मी काढून टाकलं आणि ताजं भरलं. कार्बोरेटरची बारीक छिद्रं तांब्याच्या तारेने मोकळी केली. इथपर्यंत सगळं तीन वर्षं उभ्या गाडीचं असतं तसंच होतं. टायर मात्र तसे नव्हते. बंद गाडीच्या टायरमधली हवा महिन्याला पौंड-दोन पौंड उतरते, एव्हाना चाकं बसायला हवी होती. मी काकांकडचं मीटर लावून पाहिलं. पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली अगदी तितकीच.

काकांना सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मग कोणीतरी भरतंय."

"कोण?"

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "मला विचारू नकोस पोरी. मी यंत्रं दुरुस्त करतो."

मी वहीत शक्यता मांडल्या. चोर: पण चोर हवा भरून जात नाही. आई: पण ती त्या दारासमोरून जाताना मान फिरवते, हे मी तीन वर्षं पाहत होते. तिसरी शक्यता मी लिहिली नाही. पण त्या आठवड्यात खोलीत वाकून काम करताना दोनदा मला वाटलं की मागे कोणीतरी उभं आहे आणि मी पाना उलटा धरलाय म्हणून हसतंय. स्त्रातिस तसा हसायचा, नाकातून. दोन्ही वेळा मी वळून पाहिलं. दोन्ही वेळा गोण्या होत्या.

चेन शेवटी ठेवली होती. तिच्या कड्या वळत नव्हत्या. बोटाने वाकवली की तशीच वाकलेली राहायची, म्हातारीच्या सांध्यासारखी. काका म्हणाले, "अशा चेनवर घाटात गेलीस तर ती दातचक्रावरून उडेल, मागचं चाक आवळेल, आणि तू दरीत. जोडकडीचं लॉक उघड, चेन काढ, रॉकेलमध्ये बुडव, ब्रशने घास. लॉकची बंद बाजू चेन जिकडे धावते तिकडे. हे चुकलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

त्यासाठी सलग दोन तास हवे होते, म्हणून शनिवार धरला. शनिवारी सकाळी मी शिकवणीला शहरात जाते आणि आई तेलाची बाटली घेऊन दफनभूमीत, बाबांच्या थडग्यावरचा दिवा लावायला. गावातल्या सगळ्याच बायका जातात. अकराच्या आत कोणी परतत नाही, गप्पाच तेवढ्या असतात. मी शिकवणी रद्द केली, बसथांब्यापर्यंत गेले आणि मागच्या वाटेने परत आले.

सव्वानऊला खोलीचं दार बाहेरून ढकललं गेलं. चेन पत्र्याच्या ताटात, रॉकेलमध्ये होती. माझे हात कोपरापर्यंत काळे.

दारात आई होती. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात कोंबडीचं पीस.

तिने गाडीकडे पाहिलं, मग मागच्या चाकाकडे. मी इथे काय करतेय, हे तिने विचारलंच नाही.

"चेन कुठाय?"

"रॉकेलमध्ये."

"काढलीस?"

"काढली."

ती गोण्यांवर बसली, बाटली मांडीवर धरून. बाटलीत अर्ध्याहून कमी तेल होतं.

"बाबांच्या दिव्यात निम्मं घालते," ती म्हणाली. "उरलेलं घेऊन लगेच परत येते. त्या बायकांना वाटतं माझे गुडघे दुखतात. आता हे कुठे घालू, सांग ना? याचं थडगं नाही, दिवा नाही. पाद्रीबाबा दर भेटीत मागे लागतात, वळणावर छोटी देवळी बांधा, काच लावा, आत दिवा ठेवा. देवळी मेलेल्याची असते. मी नाही बांधणार."

"म्हणून चेनला."

"तोच लावायचा ना? अंगणात बसून, दर शनिवारी. मी बघितलंय त्याला."

"तो डब्यातलं तेल लावायचा, आई. इंजिनचं."

"आपल्या झाडांचं त्याहून चांगलं आहे."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला हसू आलं आणि लगेच गेलं. आमच्या घरी ऑलिव्हचं तेल कान दुखला तर कानात जातं, बिजागरी कुरकुरली तर बिजागरीत, बाळाचा बाप्तिस्मा असला तर बाळाच्या अंगाला. चेनला का नाही?

"हवापण तूच भरतेस?"

"आजोबांच्या सायकलचा पंप आहे, दाबाचा काटा असलेला. त्याच्या पुस्तिकेत आकडे आहेत. मी काय अडाणी आहे?"

"पण तू इथे येतच नाहीस. मान वळवतेस."

"तुझ्यासमोर," आई म्हणाली. "तू बघितलं असतंस तर समजावायला बसली असतीस. तुला समजावायची फार हौस."

हे खरं होतं. आणि आताही समजावायचंच होतं. मी ताटातून चेनचा एक तुकडा उचलून तिच्यापुढे धरला. आमचं तेल जवसाच्या तेलासारखं भराभर वाळत नाही. पण लोखंडावर पातळ थरात राहिलं, आणि त्यावरून तीन उन्हाळे गेले, तर त्याचा चिकट डिंक होतो, त्यात धूळ बसते आणि कड्या जखडतात. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगते.

आईने कडी वाकवून पाहिली. ती वाकलेलीच राहिली.

"म्हणजे तीन वर्षं मी बिघडवत होते."

खोटं बोलता आलं असतं. "जखडली आहे," मी म्हटलं. "पण गंज अजिबात नाही. एकाही कडीला नाही. तू काही केलं नसतंस तर गंजली असती."

तिने ती कडी पुन्हा सरळ केली. मग बाटली बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "दे तो ब्रश. तू लहान मुलांचे दात घासल्यासारखं घासतेयस."

पाऊण तास आम्ही घासत होतो. रॉकेल काळं झालं, कड्या सुटल्या. फडक्याने पुसून आम्ही चेन चढवली. मी चाक फिरवत होते, आई टोक धरून होती. लॉकची बंद बाजू मी तीनदा तपासली. चेन हाताने दाबून खालीवर किती हलते ते पट्टीने मोजलं, अडीच सेंटिमीटर. वर डब्यातलं तेल दिलं. मग गाडी अंगणात काढली.

"आता चालू होईल?" आईने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

दहा किका मारल्या. काही नाही. चोक ओढून आणखी दहा. प्लग काढला, ठिणगी पाहिली, ठिणगी नव्हती. मी घामाने भिजले. मग काकांचं पहिलं वाक्य आठवलं: नवशिका सगळी गाडी खोलतो आणि हँडलवरचं लाल बटण बघत नाही.

बटण बंदवर होतं. आठवडाभर मी त्याच्या शेजारी काम करत होते.

माझा अंगठा त्याच्या जवळ गेला आणि थांबला.

"काय झालं?"

"बटण बंद आहे."

"मग चालू कर की."

"आई, हे त्याने बंद केलंय. वळणावर, उतरताना."

अंगणात अंजिराच्या पानांचा आवाज येत होता. आई गाडीजवळ आली. तिने बटणाकडे वाकून पाहिलं, बाळाच्या तोंडाकडे बघावं तसं. मग स्वतःचा अंगठा झग्याला पुसला, बटणावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि दाबला.

तिसऱ्या किकेला इंजिन लागलं. आधी खोकलं, मग निळा धूर सोडून एका लयीत चालू लागलं. हा आवाज मी विसरले होते, असं मला वाटत होतं.

आई फाटकाकडे वळली. तिने केस कानामागे सारले, झगा झटकला आणि रस्त्याकडे पाहत उभी राहिली. स्त्रातिस यायचा तेव्हा ती अशीच उभी राहायची, गाडीचा आवाज आधी येई आणि तो मागून. आवाज आता तिच्या पाठीशी होता, तरी ती समोर बघत होती. रस्ता खाडीच्या वळणापर्यंत दिसतो. त्यावर कोणी नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

"कोणी नाही," ती शेवटी म्हणाली. मला नाही, रस्त्याला म्हणाली.

मी इंजिन बंद केलं नाही. त्या आवाजावरूनच तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"आई, सिग्रीची नोकरी मी घेतेय. सोमवारी कळवते, एक तारखेला जाते. स्त्रातिसची गाडी घेऊन."