जमिनीवर

चेतना आळेफाट्याला परत आली तेव्हा तिचा गुडघा बरा झाला होता, भीती मात्र तशीच होती. बेंगळुरूच्या एका संस्थेत ती बरीच वर्षं आधुनिक नृत्य करायची. उंच उडी घेऊन जमिनीवर अलगद उतरणं, लोळणं, त्याच वेगात उठणं हा तिचा हातखंडा. एका प्रयोगात पाय वाकडा पडला आणि लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी नाचायची मोकळीकही दिली. पण जमीन जवळ आली की ती मध्येच थांबायची.

वडील अमृतलाल यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी दुकानावरची खोली रिकामी करून दिली. "नाचू नकोस हवं तर, पण शिकव तरी," एवढंच म्हणाले.

चेतना शिकवायला लागली, पण खुर्चीत बसून. "खांदा आधी टेकवा, मग पाठ," असं ती सांगायची आणि मुली करायच्या. मोठ्या मॅडम अशाच शिकवतात, असं मुलींना वाटे.

पुष्पा नावाच्या मुलीला सोडायला तिची आई रतनबाई यायची आणि दारापाशी बसून राहायची. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं, आता थोडी शेती. एके दिवशी क्लास सुटल्यावर ती उठलीच नाही.

"मॅडम, मला बी शिकवा."

"नाच?"

"नाच न्हाई, लोळायला. आमाला जमिनीवर पडायचं तर दुखणं न्हाईतर बाळंतपण लागतं. ह्या पोरी बगा, उगीचच लोळत्यात. लई बरं वाटत आसंल."

चेतनाला हसू फुटलं. तिने खुर्चीतूनच सांगायला सुरुवात केली.

"तोंडानं कळंना. करून दावा की."

"माझा गुडघा..."

"दुखतोय?"

"नाही."

"मंग भ्या वाटतं व्हय?"

आजवर सगळ्यांनी तिला फक्त 'जपून राहा' म्हटलं होतं. हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "हो," चेतना म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

रतनबाईने पदर खोचून हात पुढे केला. "या. दोगी मिळून पडू."

दोघी गुडघ्यावर आल्या, कुशीवर कलल्या आणि धप्पकन पडल्या. खाली दुकानात अमृतलाल दचकले. वर धावत आले, तर लेक फरशीवर आडवी पडून हसत होती.

त्यातूनच चेतनाचं पहिलं स्वतःचं नृत्य उभं राहिलं. रतनबाई, तिच्या तीन मैत्रिणी आणि चेतना. एकीने पडायचं, बाकीच्यांनी तिच्या शेजारी जाऊन पडायचं आणि एकमेकींच्या आधाराने उठायचं. रतनबाईचा नवरा हनुमंत वैतागला. "लोकं हसतील."

"हसू द्या."

गावातल्या मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. नऊवारीतली बाई स्टेजवर आडवी झाली तेव्हा लोक खरंच हसले. मग चेतना धावत आली, उडाली आणि जमिनीवर उतरली. एकेक करून बायका तिच्याभोवती निजल्या, तसा हॉल शांत होत गेला. शेवटी टाळ्या पडल्या. थोड्या उशिराने, पण मनापासून.

बाहेर हनुमंत म्हणाला, "उठताना लई येळ लावला तू."

"उठायची घाईच नव्हती," रतनबाई म्हणाली.

पुढे बेंगळुरूच्या संस्थेने तेच नृत्य बसवायला चेतनाला बोलावलं. ती गेली, तिने मन लावून ते बसवलं. कायमचं राहा, असा आग्रह झाला तेव्हा मात्र तिने नकारार्थी मान हलवली. "येत जाईन," ती म्हणाली, "पण राहीन गावाकडेच. माझ्या बायका आता कुठे उडी मारायला लागल्यात."