काचेसारखं पाणी

हिलालमामाने रेवजीला चोर म्हटलं ते लोणखेड्याच्या चार शेजाऱ्यांसमोर. मासे किती वाढलेत ते पाहायला मामाने आपल्या शेततळ्यात एकदा जाळं ओढलं होतं. गेल्या वर्षी याच महिन्यात एका ओढीत पंचवीस किलो आले होते. यंदा सहा.

"मासा कोठे गया मंग? पंख फुटनात का त्यासले?" मामा म्हणाला. "पानकावळा म्हनू, ते वर जाळी शे. जाळीना आत कोन ऱ्हास? रेवजी!"

रेवजी पावरा मोलगीकडच्या पाड्यावरचा. दोन वर्षांपासून बायकोसह तळ्याच्या बांधावर राहून राखण करत होता. सोमवारपर्यंत झोपडी रिकामी कर, असं मामाने बजावलं. चोर हे नाव चिकटलं की आसपासच्या गावांत त्याला कोणी कामावर ठेवलं नसतं.

मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलेली, तरी मलाही संशय आला. रेवजी पहाटे टोपली घेऊन जातो कुठे, ते पाळत ठेवून पाहिलं. शेण आणायला जात होता. मग झोपडीमागचा उकिरडा काडीने उकरला. एकही खवला मिळाला नाही, तर मनात आलं, पुरले असतील. पुरावा नाही हेच मी पुरावा धरायला लागले होते.

शेवटी ओढीतला एक कटला मासा हातात घेतला. डोकं पुरतं वाढलेलं, पाठ सुरीसारखी. चोर मासे नेईल, उरलेल्यांच्या अंगावरचं मांस कसं नेईल?

मी स्टीलची ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडली. गेल्या वर्षी ती हातभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची. आता तळाशी टेकली तरी दिसत होती.

"देख, पानी कसं काचसारखं शे," मामा कौतुकाने म्हणाला.

"तेच तर वाईट आहे, मामा."

मामा विकतचं खाद्य घालत नाही. शेणखत पडलं की पाण्यात हिरवं शेवाळ धरतं. ते उन्हावर जगतं, त्याच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे. दर पायरीला ऊर्जेचा जेमतेम दहावा वाटा पुढे जातो. पाणकावळ्यांच्या धास्तीने मामाने यंदा पपईच्या रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट तळ्यावर दुहेरी ताणली होती. पहिल्या पायरीलाच ऊन अडलेलं. माशापर्यंत पोचणार काय? हे सगळं मी मामाला समजावलं.

"म्हंजे चोर मीच का, रिना?"

"मोजा," रेवजी पहिल्यांदाच बोलला. "वजन नको. नग मोजा. आणि भाऊ, ज्यांच्यापुढे बोललात त्यांना बोलवा."

दुसऱ्या दिवशी पाणी पपईला सोडून तळं गुडघाभर केलं. शेजारी बांधावर उभे राहिले. मामा स्वतः एकेक मासा टाकीत टाकत मोजत होता. चारशे सोडले होते, तीनशे ब्याऐंशी भरले. एवढी मर चांगल्या तळ्यातही होते.

"बरं. जाळी काढाले लाग, रेवजी," मामा म्हणाला.

रेवजी हलला नाही. "आधी बोला."

"काय बोलू?"

"चोर म्हणताना 'काय बोलू' असं विचारलं नव्हतं."

मामा टाकीत पाहत पुटपुटला, "रेवजी चोर नही शे."

"भाऊ, बांधावर ऐकू नाही गेलं."

"खरं शे, हिलालदाजी," एक शेजारी हसला. "चोर म्हने तवय ते शहादालगून ऐकू येत व्हतं!"

मामाने मान वर केली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानेही वळून पाहिलं.