वजिराची अडीच घरं

मुलीने त्याला जिन्यातच बजावलं होतं, "बाबांशी ज्ञान या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. हवापाणी बोल, गुडघेदुखी बोल. त्यांनी नाही म्हटलं तरी मी लग्न करणारच आहे. पण मग ते लग्नात तोंड पाडून बसतील आणि सगळ्या फोटोंचा विचका होईल."

तरुण व्याख्याता मान डोलावून आत गेला. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत तिच्या वडिलांनी, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकांनी, टीपॉयखालून एक मासिक काढलं. त्यात त्याचाच लेख होता. त्यावर लाल शाईचे इतके फराटे होते की छापील मजकूर अंग चोरून बसल्यासारखा दिसत होता.

"'ज्ञान ही माणसांनी मिळून बांधलेली वस्तू आहे. एका घरी खरं ते दुसऱ्या घरी खरं असेलच असं नाही.' हे तुमचंच ना?"

"हो, सर. म्हणजे, संदर्भ सोडून वाचलं तर..."

"संदर्भासकट वाचलं. दोनदा. दुसऱ्या खेपेला जास्त राग आला." प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "मी जन्मभर पोरांना शिकवलं की खरं ते खरं, मग ते कुणाला पटो न पटो. आता मला सांगा, आज तुम्ही माझ्या मुलीला शब्द देणार. उद्या घर बदललं की शब्दही बदलणार का? याचं उत्तर मिळाल्याशिवाय माझा होकार नाही."

मुलीने डोळे मोठे करून स्वतःच्या गुडघ्यावर बोट आपटलं.

"सर, गुडघे कसे आहेत?" व्याख्यात्याने विचारलं.

"ठणठणीत. बुद्धिबळ खेळता?"

खेळत होता. कॉलेजात असताना कपाटभर कप जिंकले होते. आज मात्र डाव बरोबरीत सोडवायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. पण प्राध्यापक इतक्या मनापासून वाईट खेळत होते की हरणं तर सोडाच, बरोबरीसुद्धा हाती लागेना. शेवटी नाइलाजाने त्याने हत्ती पुढे सरकवून शह दिला.

प्राध्यापकांनी आपला वजीर उचलला, दोन प्याद्यांवरून घोड्यासारखा उडवला, हत्ती मारला आणि म्हणाले, "शह. आणि मात."

"सर, हा वजीर आहे."

"दिसतंय मला."

"तो घोड्यासारखा उडाला."

"राजा अडचणीत असला की वजिराला डावात एकदा अडीच घरं उडता येतं. साधा नियम आहे."

"असा नियमच नाही!"

"या घरात आहे."

"घराचा काय संबंध? सगळं जग ज्या नियमाने खेळतं..."

"जग जगाच्या घरी खेळतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हेच मानत आलोय."

"सगळ्यांनी मानलं म्हणून चुकीचं ते बरोबर होतं का?" व्याख्याता उभा राहून ओरडला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आत्ता कोण कुणाचा लेख वाचून दाखवतंय?"

प्राध्यापकांनी मासिकाकडे असं पाहिलं, जणू ते आपणहून टीपॉयवर चढून बसलं होतं.

"तसं नव्हे," ते बायकोकडे वळून घाईघाईने म्हणाले. "हा नियम आम्ही बांधलेला नाही. अस्सल जुना आहे, हिच्या माहेरचा. अगं, सांग यांना."

मुलीची आई दातांची डॉक्टर होती. खिडकीशी बसून संत्रं सोलता सोलता ती ज्या शांतपणे लोकांचे दात काढायची त्याच शांतपणे तिने सांगितलं, "माझ्या माहेरी बुद्धिबळ नव्हतंच."

"मग तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. लग्नानंतर. रोज हरून हरून कंटाळा आला. एकदा वजीर उडवला आणि म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. तुम्ही 'अस्सं?' म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच उडवायला लागलात."

प्राध्यापकांचा चेहरा पार उतरला. व्याख्यात्याच्या हाती आयता विजय आला होता. नुसतं हसला असता तरी पुरे होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून त्याला हसू येईना.

"सर, नियम कुणी आणि कसा काढला, यावरून तो मोडीत निघत नाही. खेळायला बसण्याआधी विचारायचं काम माझं होतं. मी या घरात हरलो."

प्राध्यापकांच्या अंगात जरा जीव आला. "'या घरात' हे शब्द काढा. मग विचार करू."

काढ, काढ, असं मुलगी हातवारे करून सुचवत होती.

"नाही काढता येणार, सर. काढले तर ते खोटं होईल. पण मी या घरात हरलो, ही गोष्ट जगातल्या कुठल्याही घरी जाऊन सांगितलीत तरी खरीच राहील. कुणाला पटो न पटो. हिला दिलेला शब्दही तसाच. या घरात दिला, म्हणून दुसऱ्या घरी तो न दिलेला होत नाही."

प्राध्यापकांनी लाल पेन उघडलं, मासिक ओढून समासात काहीतरी लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "हे लेखात का नाही लिहिलंस?"

ते एकेरी 'लिहिलंस' ऐकताच मुलीने हुश्श म्हणत सोफ्यावर अंग टाकून दिलं.

"लिहिलं होतं. संपादकांनी शेवटची दोन पानं कापली."

"संपादक!" प्राध्यापक कळवळून म्हणाले. "हे एक सत्य मात्र घरोघरी सारखंच, बरं का."

"मान्य, सर."

"चला, उठा तुम्ही," आईने नवऱ्याला खुर्चीवरून हलवलं आणि सोंगट्या मांडायला घेतल्या. व्याख्यात्याने खुर्ची सावरली.

"काकू, या वेळी आधीच विचारतो. आणखी काही नियम आहेत?"

"आहेत की," वजीर जागेवर ठेवत ती म्हणाली. "जिंकायला लागलास की एकेक सांगते."