बाल्दोमेरोची गाठ

काठावर बाल्दोमेरो दिसला आणि एदुविनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्वाइतेकासची एवढी शेकडो बेटं, आणि मेल्याला नेमकी हीच खाडी सापडली! पण मागे फिरायची सोय नव्हती. बाहेर वायव्येचा वारा पिसाळला होता. डोंगरावरून असे झोत कोसळत होते की शिडं गुंडाळूनही 'तेर्का' आडवी होत होती. ही शिडाची होडी म्हणजे एदुविनाचं घरही आणि पोटही. बापाची जमीन फुंकून तिने ती घेतली होती. उन्हाळ्यात पाहुण्यांना बेटं दाखवायची, आणि वर्षभर लेकीला घेऊन तिच्यातच राहायचं.

असल्या चिंचोळ्या खाडीत नुसता नांगर पुरत नाही. मागून दोन दोर काठावरच्या झाडांना बांधावे लागतात. उजवा दोर यानेतने, तिच्या लेकीने, छोटी होडी वल्हवत नेऊन बांधला. डाव्या दोरासाठी ती परत 'तेर्का'वर चढली तोच मोठा झोत आला. बाल्दोमेरो ओढ्यावर पिण्याचं पाणी भरत होता. त्याने डबा खाली ठेवला.

"फेक, वहिनी! का माझ्या हाताला काटे आहेत?"

काठावर जो असेल त्याने दोर घ्यायचा, मग साता जन्मांचं वैर का असेना. आणि त्याने मारलेली गाठ मागाहून तपासायची नाही. तपासली म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकलात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

एदुविनाने दात-ओठ खात दोर फेकला. बाल्दोमेरोने तो बुंध्याला बांधला, डबा उचलला आणि मागे न बघता आपल्या मासेमारीच्या बोटीवर निघून गेला.

सहा वर्षांपूर्वी वादळात तिच्या नवऱ्याची, इस्माएलची, बोट याच माणसाच्या बोटीला बांधलेली होती. दोर सुटला, बोट खडकावर गेली, इस्माएल बुडाला. "माझी गाठ सुटली नाही. तो प्यायला होता, घरी जायचं म्हणून त्यानेच सोडली," असं बाल्दोमेरो म्हणे. एदुविनाने केयोन बंदरातल्या चर्चपासून मासळीबाजारापर्यंत त्याला खुनी म्हणून मिरवला. त्यानंतर त्याच्या बोटीवर कोणी कामाला जाईना.

"मी गाठ बघून येते," ती म्हणाली.

"आई, वेड लागलंय का तुला? तो बघतोय."

"बघू दे! एक जीव घेतलाय त्याने, दुसरा नाही देणार."

ती काठावर गेली. गाठ सोडवून आपल्या हाताने बांधायची होती. तिने नखं लावली, दगडाने ठोकलं, शिव्या घातल्या. ताणलेल्या दोराची गाठ तसूभर हलली नाही. शेवटी वारा जरा पडलासा वाटल्यावर तिने दोराचा एक फेरा बुंध्याला घेतला, सुरी काढली आणि गाठ कापली.

झोत तेवढ्यात आला. दोर तिच्या तळहातांची सालं काढत सरसरत गेला. 'तेर्का' गर्रकन फिरली आणि मागच्या बाजूने खडकावर आदळली. यानेतची किंकाळी ऐकून एदुविना गुडघाभर पाण्यात धावली. त्याआधीच बाल्दोमेरोने बोट सुरू केली होती. त्याने 'तेर्का'ला ओढून काढलं, आपल्या बोटीला बांधलं, एदुविनाला तिच्या होडीवर चढवलं.

संध्याकाळी आठला, अजून उजेड असताना, सगळ्या बोटी वायरलेसवर नौदलाला आपला ठावठिकाणा कळवतात. सगळी बेटं कान लावून बसलेली असतात.

"तेर्का. माणसं ठीक. सुकाणू तुटलंय," एदुविनाने माइकवर सांगितलं.

"कारण?" नौदलाच्या माणसाने विचारलं.

वारा म्हणून सांगितलं असतं तर कोण विचारणार होतं? पण यानेत तिच्याकडे एकटक बघत होती.

"दोर मीच कापला," एदुविना म्हणाली. "गाठ बाल्दोमेरोची होती. पक्की होती. त्याची गाठ कुणी सोडल्याशिवाय सुटतच नाही. सहा वर्षं मी खोटं बोलत आले."

मग बाल्दोमेरोचा आवाज आला.

"ऐकलं. सकाळी ओढून नेतो केयोनला. दोर मात्र तूच बांध, वहिनी. दोन्ही टोकं."

एदुविनाने माइक ठेवला. तळहात आगीसारखे जळत होते. सहा वर्षांचा राग आता इस्माएलवर काढायचा होता, आणि तो ऐकायला उरला नव्हता.